घोषणेची भाषा आणि टीकेचा स्वीकार

बाजारात मडके घेणारा ते बोटाने वाजवून पाहतो. संगणकाची आज्ञावली, म्हणजे सॉफ्टवेअर, अशी वाजवून पाहता येत नाही. तिच्याविषयी प्रथम कानी येते ती तिच्या कर्त्याने केलेली घोषणा. माल विकावयाचा असला म्हणजे ही घोषणा जाहिरातीचे वळण घेते. परंतु मुक्तस्रोत म्हणून जी पद्धत आहे, तीत आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांना वाचावयास आणि सुधारावयास मोकळी असते, आणि अनेक साहाय्यक विनावेतन राबत असतात. तेथील घोषणा ही गिऱ्हाइकासाठी नसून सहकाऱ्याला घातलेली साद असते.

२५ ऑगस्ट १९९१ रोजी हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने अशी एक साद घातली. यंत्र आणि इतर आज्ञावली यांच्यामधील कारभार पाहणारी जी असते तिला कार्यप्रणाली म्हणतात. ॲम्स्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी अध्यापनासाठी रचलेली मिनिक्स ही अशीच एक कार्यप्रणाली. ती वापरणाऱ्या मंडळींना टोरव्हाल्ड्सने कळविले, की आपण नवी कार्यप्रणाली लिहीत आहोत, पण केवळ छंद म्हणून. ती मोठी वा व्यावसायिक होणार नाही, निराळ्या जातीच्या यंत्रावर नेता येणार नाही. मिनिक्समध्ये काय रुचते आणि काय रुचत नाही ते सांगावे. सूचनांचे स्वागत आहे, मात्र त्या अमलात येतीलच असे वचन नाही.

या मोजक्या ओळींचे मर्म ध्यानात घेण्याजोगे आहे. उणीव कर्त्यानेच आधी सांगून टाकली, की ती उघडकीस आणण्याची हौस टीकाकाराला उरत नाही. तो पुढच्या, अधिक उपयोगी दोषाकडे वळतो. आणि वचन न देण्यातही शहाणपण होते. दार सताड उघडे ठेवले, पण घराचा ताबा दिला नाही. पुढे ही लिनक्स प्रणाली अँड्रॉइड फोनांत शिरली आणि नोव्हेंबर २०१७ च्या यादीत जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांवर तीच होती. घोषणेतले भाकीत साफ चुकले खरे, पण ते विनयाच्या बाजूने चुकले. फसवणूक कोणाचीच झाली नाही.

टीका मात्र चुकली नाही. २९ जानेवारी १९९२ रोजी खुद्द टॅनेनबॉम यांनी लिनक्स कालबाह्य असल्याचे जाहीर केले. तिचा गाभा एकसंध आहे, हे मागे टाकलेले पाऊल. आणि ती एकाच जातीच्या प्रोसेसरला जखडलेली आहे, असे त्यांचे दोन आक्षेप होते. त्याच दिवशी टोरव्हाल्ड्सने तिखट उत्तर दिले आणि मिनिक्सचेही वाभाडे काढले. दुसऱ्या दिवशी त्याने क्षमा मागितली. ती सुराबद्दल, मुद्द्याबद्दल नव्हे. हा विवेक फारच थोड्यांना साधतो. पुढील घडामोडींनी त्या टीकेचा निवाडा अर्धा-अर्धा केला: एकसंध गाभा तसाच राहिला, परंतु १९९५ च्या मार्चमध्ये निघालेली १.२ ही आवृत्ती अन्य जातींच्या प्रोसेसरांवरही चालू लागली होती.

विद्यार्थ्याने प्राध्यापकाला फटकळपणे उत्तर देणे वेगळे आणि हजारोंच्या नायकाने एखाद्या साहाय्यकाला चारचौघांत झोडपणे वेगळे. टोरव्हाल्ड्सच्या जिभेची धार वाढत्या अधिकाराबरोबर कमी झाली नाही. सदोष संहितेवर कठोर बोलणे आवश्यकच असते. ती कोट्यवधी यंत्रांत जावयाची असते. पण घाव संहितेवरून सरकून माणसावर पडू लागले, आणि काही जाणत्या मंडळींनी काम सोडले. विनावेतन येणारा माणूस राजीनामा देत नाही. तो नुसता येईनासा होतो.

१६ सप्टेंबर २०१८ रोजी ४.१९ या आवृत्तीच्या चाचणी-प्रतीची घोषणा करताना टोरव्हाल्ड्सने त्याच पत्रात आपल्या वर्तनाची माफी मागितली. आपले शाब्दिक हल्ले अनुचित होते, लोकांच्या भावना समजून घेण्यासाठी साहाय्य घेऊ, असे लिहून त्याने काही काळ कामातून अंग काढून घेतले. त्याच दिवशी समुदायासाठी नवी आचारसंहिता स्वीकारली गेली. तिच्यावरही कडाडून टीका झाली. ती आवृत्ती २२ ऑक्टोबरला ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी प्रसृत केली. तोवर टोरव्हाल्ड्स परतला होता.

जानेवारी २०१९ मध्ये ५.० च्या पहिल्या चाचणी-प्रतीची वार्ता त्याने दिली. आकडा बदलला यात विशेष काही नाही, असे त्याने कळविले. कारणच हवे असेल तर मोजावयास हातापायांची बोटे उरली नाहीत, म्हणून ४.२१ चे ५.० झाले.