अल्पाकासोबत चालते व्हा!

इंग्लंडमधली माणसं वीकेंडला चक्क पैसे मोजून 'चालते व्हा' म्हणवून घेतात, माहीत आहे का? या प्रकाराचं नाव अल्पाका वॉक! शेतावर जायचं, अल्पाका नावाच्या लोकरी प्राण्याचा दोरी बांधलेला एक गुबगुबीत नमुना ताब्यात घ्यायचा आणि गाईडच्या मागोमाग तासभर कुरणं-टेकड्या हिंडायच्या. यॉर्कशरपासून कॉर्नवॉलपर्यंत सगळीकडे ही क्रेझ आहे.

स्वारी मात्र नाही हं! खांद्यापर्यंतची उंची जेमतेम तीन फूट, वजन 50 ते 80 किलो. पाठीवर बसायचा मोह झालाच, तर आधी स्वतःचं वजन आठवा.

वॉकला येणारे अल्पाका बहुतेक 'बॉइज'च असतात. का, माहीत आहे का? माद्या मॅटर्निटी लीव्हवर! गर्भारपण सुमारे साडेअकरा महिन्यांचं. पिल्लू झालं की दोन-तीन आठवड्यांत पुन्हा गोड बातमीची तयारी.

आणि प्रेग्नन्सी टेस्ट? मादीसमोर नर आणून उभा करायचा. ती त्याच्यावर थुंकली, की पेढे वाटा! अल्पाका पाळणारे खरंच असा अंदाज बांधतात. माणसांवर ते सहसा थुंकत नाहीत. पण दोन अल्पाकांचा गाजरावरून वाद चालू असेल, तर मध्यस्थी करू नका.

गाजर तळहातावर धरून बिनधास्त भरवा. त्यांना वरचे पुढचे दातच नसतात! डोक्यावरून हात फिरवणं मात्र त्यांना आवडत नाही. लाड करायचेत? मान गाठा.

मध्येच 'हंऽऽ' असा सूर ऐकू आला तर मोबाइल चाचपू नका. अल्पाका गुणगुणतोय. काळजी, कुतूहल, कंटाळा, सगळ्यासाठी हीच ट्यून.

ट्रॅफिक जॅमचीही तयारी ठेवा. पुढचा थांबला की अख्खी रांग थांबते. तो का थांबला? नेचर्स कॉल! अल्पाका वाटेल तिथे घाण करत नाहीत. कळपाची जागा ठरलेली असते आणि एकाला लागली की बाकीचेही नंबर लावतात. हागणदारीमुक्त गावाचा पुरस्कार द्यावा तर यांनाच.

उन्हात आडवे पडले की मान लांब, पाय ताठ, हालचाल शून्य. नवख्या माणसाला वाटतं, गेला बिचारा! तो मजेत सनबाथ घेत असतो.

मूळ गाव दक्षिण अमेरिकेतला अँडीज पर्वत, आडनाव 'उंट'. हो, हे उंटाचे चुलत भाऊ! त्याच खानदानातल्या लामाचा आणि उंटाचा संकर दुबईत जन्माला आला, 14 जानेवारी 1998 ला, म्हणजे ऐन संक्रांतीला. जातीचं नाव कॅमा आणि बाळाचं नाव काय ठेवलं, माहीत आहे का? रामा!

आता थोडा फ्लॅशबॅक. 1836 च्या सुमारास टायटस सॉल्ट नावाच्या कारखानदाराला लिव्हरपूलच्या गोदामात अल्पाकाच्या लोकरीचे गठ्ठे धूळ खात पडलेले दिसले. कुणालाच नको असलेला माल! त्यानं तो उचलला, उभे धागे सुताचे आणि आडवे अल्पाकाचे घालून चकचकीत कापड विणलं आणि मालामाल झाला. 1853 मध्ये, स्वतःच्या पन्नासाव्या वाढदिवशी, त्यानं यॉर्कशरमध्ये प्रचंड गिरणी उघडली. भोवती कामगारांसाठी घरं, शाळा, हॉस्पिटल. हेच सॉल्टेअर, 2001 पासून जागतिक वारसा स्थळ. तिथल्या पार्कात सॉल्टच्या पुतळ्याखाली ब्राँझचे अल्पाकाही आहेत. खाल्ल्या 'सॉल्ट'ला जागणं म्हणतात ते हेच!

हे कापड आपल्याकडेही आलं बरं का. पणजोबांच्या जुन्या फोटोतला तो काळा, किंचित चमकणारा कोट कदाचित अल्पाकाचा असेल. म्हणजे आपल्या घराण्यात अल्पाका आधीच येऊन गेलाय!

आणि हा खरा नॉकआउट पंच. 2020 मध्ये स्वीडनच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटच्या शास्त्रज्ञांनी एका अल्पाकाच्या शरीरातून कोरोना विषाणूला प्रयोगशाळेत रोखणारी चिमुकली अँटिबॉडी मिळवली. त्या अल्पाकाचं नाव? टायसन!

ब्रिटनमधल्या लेकीकडे किंवा मित्राकडे जाणार असाल, तर एक वॉक बुक कराच. गमबूट घाला, कुत्रा घरी ठेवा. आणि फोटो झकास हवे असतील तर एप्रिलमध्येच गाठा. मे-जूनमध्ये वर्षाची लोकर कातरली, की तुमचा टेडी बेअर एकदम काडी पैलवान!