ज्वारीच्या मुळावर उठलेला टारफुला

शेतकरी बंधूंनो, जमिनीत ओल आहे, तरी ज्वारी भर दुपारी माना टाकते, पानं पिवळी पडतात, कणीस भरत नाही, असं दिसलं तर आभाळाकडे बघू नका. ताटाच्या बुडाशी बघा. वीतभर उंचीचं, बारीक पानांचं, पांढऱ्या फुलांचं गोजिरवाणं रोप दिसेल. हाच टारफुला.

पानं हिरवी, म्हणून तो साधं तण वाटतो. पण याचं मूळ ज्वारीच्या मुळात घुसतं आणि तिथूनच पाणी व अन्नरस ओढतं. रोप वर दिसण्याआधी काही आठवडे हा उद्योग जमिनीखाली चाललेला असतो. "आता उपटून काय उपयोग?" असं पुष्कळजण म्हणतात. यंदाच्या पिकापुरतं ते बरंचसं खरं आहे. उपटायचं ते पुढच्या सालांसाठी.

कारण याचं बी. धुळीसारखं बारीक, एका रोपाला हजारोंनी, आणि जमिनीत १० वर्षांहून अधिक काळ जिवंत राहणारं. नुसत्या पावसाने ते उगवत नाही. ओलीत भिजून वाट बघतं. पिकाचं मूळ अगदी जवळ येऊन त्यातून एक विशिष्ट द्रव्य पाझरलं, तरच अंकुर फुटतो. पिकं हे द्रव्य सोडतात तरी कशाला? २००५ साली जपानी शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. मुळांना स्फुरद मिळवून देणारी उपकारक बुरशी जमिनीत असते, तिला हे बोलावणं. जमीन भुकेली असली की बोलावणं वाढतं, आणि टारफुला नेमकं तेच हेरतो. हलक्या, खत न पडलेल्या रानात त्याचा जोर जास्त असतो तो यामुळे. चांगलं कुजलेलं शेणखत आणि वेळेवर नत्र दिलं तर जोर कमी होतो.

गंमत अशी, की १९६६ साली हे द्रव्य प्रथम वेगळं काढलं ते कपाशीच्या मुळांतून. कपाशीवर तर टारफुला जगत नाही! म्हणजे कपाशीजवळ बी फसून उगवतं आणि उपाशी मरतं. चवळी, भुईमूग, सोयाबीन, सूर्यफूल यांचंही तसंच. फेरपालट करायची ती यांची, आणि एका सालाने भागणार नाही. ज्वारीनंतर मका, बाजरी किंवा ऊस घेतला तर टारफुल्याला पंगत वाढल्यासारखंच. ही सगळी त्याची खाद्यपिकं. टू-फोर-डी फवारणार असाल तर शेजारच्या कपाशीचा विचार आधी करा, तिला वाऱ्यावरून आलेली झुळूकही सोसत नाही.

ग्रामपंचायतीच्या मंडळींनीही लक्ष घालावं. हे बी पाण्याबरोबर, औजारांना चिकटून, कडब्यातून दुसऱ्याच्या रानात जातं; एकट्याने उपटून गाव मोकळं होत नाही. अमेरिकेच्या कॅरोलिना भागात १९५६ साली टारफुला मक्यात सापडला, तेव्हा सरकारने बाधित रानांतून माती, चारा, औजारं बाहेर नेण्यावर बंधनं घातली आणि वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. तेव्हा कुठे तो आटोक्यात आला.

उपटणी फुलं येण्याआधी करा. उशीर झाला असेल तर उपटलेली रोपं बांधावर टाकू नका, उकिरड्यावर तर नाहीच. उपटल्यावरही बोंडातलं बी पिकतं. गोणीत भरून रानाबाहेर न्या आणि वाळवून जाळा.