विषाणू सापडला, पण विडी सुटली का?

राहू बेटातल्या एखाद्या ऊसकऱ्याच्या टॉन्सिलमधल्या गाठीचा तुकडा पुण्याला तपासायला गेला, की रिपोर्टात ‘पी-१६ पॉझिटिव्ह’ अशी ओळ येऊ शकते. गाठीमागे ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, असावा असे ती सुचवते. कॅन्सर आणि वर विषाणूही, म्हटल्यावर घरचे खचतील. पण टॉन्सिल आणि जिभेच्या मुळाच्या कॅन्सरमध्ये ही बातमी बहुतेकदा दिलाशाची असते. अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१० मध्ये आले. तीन वर्षांनंतर विषाणू असलेल्यांपैकी ८२ टक्के रुग्ण हयात होते, नसलेल्यांपैकी ५७. याचे कारण असे: तंबाखूचा धूर पेशीतली जनुके वर्षानुवर्षे बिघडवत राहतो. विषाणूमुळे झालेल्या गाठीत मात्र पी-५३ हे राखणदार जनुक सहसा शाबूत असते, विषाणू फक्त त्याचे प्रथिन नष्ट करतो. अशा गाठी किरणोपचाराला चांगली दाद देतात.

तरीही हा दिलासा आपल्याकडे जसाच्या तसा घेता येणार नाही, असे मला ठामपणे वाटते. त्याच चाचणीत विषाणू असूनही जे बरीच वर्षे सिगारेट ओढत आले होते आणि ज्यांच्या मानेत आजार जास्त पसरला होता, त्यांच्यात हयात राहणाऱ्यांचे प्रमाण ७१ टक्क्यांवर घसरले. बाकीच्या विषाणूग्रस्तांत ते ९३ होते. शिवाय पी-१६ या प्रथिनाची तपासणी म्हणजे थेट विषाणूची तपासणी नव्हे. २०२३ मध्ये नऊ देशांतल्या साडेसात हजारांहून अधिक रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. पी-१६ आणि विषाणू दोन्ही सापडलेल्यांपैकी ८१ टक्के पाच वर्षांनी हयात होते. नुसते पी-१६ सापडलेल्यांपैकी ५५. जिथे या कॅन्सरमागे विषाणूचा वाटा कमी, तिथे अशी फसगत जास्त. भारतात तो वाटा कमीच आहे. म्हणून विषाणूची थेट तपासणीही मागावी.

कुणी म्हणेल, आमच्याकडे सिगारेटपेक्षा तंबाखू-चुना आणि मशेरीच जास्त. खरे आहे, पण त्यांचा मार मुख्यतः गाल-हिरड्यांवर बसतो आणि तिथे विषाणू क्वचितच कारण ठरतो. गालाच्या कॅन्सरला हे आकडे लावूच नयेत. विषाणूचा आजार सौम्य, तर औषधही सौम्य द्या, हा युक्तिवादही टिकला नाही. २०१८ मध्ये दोन चाचण्यांत सिस्प्लॅटिन या नेहमीच्या औषधाऐवजी सौम्य मानले गेलेले सेटुक्सिमॅब दिले, तेव्हा दगावणाऱ्यांचे प्रमाण वाढले. उपचार पूर्णच घ्यायचे आणि विडी किरणोपचार सुरू होण्याआधी सोडायची. त्यासाठीची मोफत हेल्पलाइन १८००-११-२३५६.