गाळ खाली बसल्यावर

कोलशेत रोडवर आता टॉवरांची रांग उभी असली, तरी जुन्या ठाणेकरांच्या तोंडी अजून सँडोझचंच नाव येतं. १९९५ साली सँडोझचा रसायनांचा धंदा वेगळा निघून क्लॅरियंट कंपनी झाली आणि इथला कारखाना तिच्याकडे गेला. पुढे तो बंद होऊन जमीन लोढा समूहाच्या कंपनीने घेतली. सँडोझ म्हटलं की आपल्याला कपड्याचे रंग आठवतात. क्लॅरियंटच्या जगभरच्या व्यवहारात मात्र तेलविहिरी आणि खाणींना लागणारी रसायनंही आहेत. त्यांच्याबद्दल आपल्याकडे फारसं कुणी लिहीत नाही, आणि याची मला मनापासून खंत वाटते. कारण ती जिथे लागतात त्या जागा काही लांब नाहीत.

गोव्यात डिचोली, सत्तरी, सांगे भागांत लोहखनिज धुतलं जातं. धुऊन उरतो तो तांबडा पातळ चिखल, म्हणजे टेलिंग. त्यातले मातीचे कण इतके बारीक, की पाणी नुसतं साठवून ठेवलं तर ते महिनोन्‌महिने खाली बसत नाहीत. प्रत्येक कणावर ऋण विद्युतभार असतो, त्यामुळे ते एकमेकांना दूर लोटत राहतात. पावसाळ्यात गढूळ हंड्यात तुरटी फिरवणाऱ्या आपल्या आज्या नेमका हाच भार मोडत होत्या. प्रकल्पात ते काम फेरिक क्लोराइड किंवा पॉलिॲल्युमिनियम क्लोराइड करतं. त्यानंतर पॉलिॲक्रिलामाइड हा लांब साखळ्यांचा पॉलिमर घालतात. तो सुटे कण एकत्र बांधतो आणि त्यांचे जड पुंजके होतात.

मात्रा किती, हे जार टेस्ट ठरवते. एका रांगेत सहा काचपात्रं, प्रत्येकात एक लिटर तेच गढूळ पाणी, आणि डावीकडून उजवीकडे वाढत जाणारी मात्रा. पंखे आधी मिनिटभर जोरात फिरवतात, मग पंधरा-वीस मिनिटं अगदी हळू. पंखे थांबले की पाहत राहायचं. पहिल्या पात्रात काहीच होत नाही, तिसऱ्या-चौथ्यात कापसासारखे पुंजके भराभर तळाला जातात. शेवटच्यात मात्र पाणी पुन्हा गढूळच राहू शकतं, कारण जास्त झालेल्या रसायनाने कणांवर उलटा भार चढतो आणि ते परत एकमेकांपासून पळू लागतात. रसायन जास्त ओतलं म्हणजे पाणी जास्त स्वच्छ होतं, हा समज इथे डोळ्यांदेखत खोटा ठरतो. शिवाय पॉलिॲक्रिलामाइड स्वतः फारसं घातक नसलं, तरी त्यात उरलेलं ॲक्रिलामाइड मज्जासंस्थेला विषारी असतं. म्हणून पॉलिमर घेताना त्याचं प्रमाण तपासावंच लागतं.

तेलाचा प्रश्न वेगळा. मुंबई हाय १९७४ साली सापडलं, १९७६ पासून तिथून तेल येऊ लागलं. विहीर जुनी होत जाते तसं तेलाबरोबर पाणी वाढत जातं, आणि दोन्ही इतकी घुसळलेली असतात की आपोआप वेगळी होत नाहीत. डिमल्सिफायर या रसायनाची थोडीशी मात्रा तेलात अडकलेल्या पाण्याच्या थेंबांभोवतीचं कवच फोडते. पाण्यात उरलेलं तेल डीऑइलर आणि गॅसचे बुडबुडे वर आणतात. समुद्रात सोडायच्या पाण्यात तेल लिटरला ४० मिलिग्रॅमच्या आत असावं, असा आपला नियम आहे.

खरी अडचण पाणी नितळ झाल्यावर सुरू होते. पाण्यातून काढलेलं सगळं गाळात जमतं आणि तो गाळ कुठेतरी ठेवावाच लागतो. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्राझीलमध्ये ब्रुमादिन्योला लोहखनिजाच्या गाळाचं धरण फुटलं आणि २७० जीव गेले. त्या खाणीत धरणात गाळ टाकणं तर आधीच बंद झालं होतं. पण आतला ओला गाळ घट्ट झालेला नव्हता, तो क्षणात पाण्यासारखा वाहू लागला. साचलेल्या गाळावरच भिंत चढवत नेण्याच्या त्या पद्धतीच्या धरणांवर महिनाभरातच ब्राझीलने बंदी घातली.

गोव्यात पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, म्हणजे गाळ ओलाच राहण्याची भीती इथेही आहे. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्टे रद्द केले, तरी आधी साचलेला गाळ जागचा हलला नाही. आता लिलावानंतर डिचोलीतून खनिज पुन्हा निघू लागलं आहे. फिल्टर प्रेसमध्ये पाणी पिळून गाळ कोरडा रचण्याचं तंत्र उपलब्ध आहे. महाग आहे, पण फुटायला तलावच उरत नाही. परवानगी देताना पाण्याच्या अहवालाबरोबर हा गाळ कुठे, किती वर्षं आणि कुणाच्या शेताच्या वरच्या अंगाला राहणार, तेही ग्रामसभेपुढे लेखी यायला हवं.