काकमाचीच्या पानांतील नवी नागअळी : ओळख आणि नोंद

काकमाची, म्हणजेच आपली कामोणी, औषधीसाठी गोळा करताना तिच्या पानांवर पांढुरकी नागमोडी रेघ किंवा पारदर्शक, फोडासारखा डाग पुष्कळदा आढळतो. गोळा करणारे त्यास 'नागअळी' म्हणतात, वाईट दिसणारी पाने निवडून टाकतात आणि विषय तेथेच संपतो. वस्तुतः या एका नावाखाली किमान तीन भिन्न कीटक वावरत असतात. त्यांपैकी एक २०१४ पर्यंत भारतात नव्हता. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील भूमिप्रविभागीय अध्यायात औषधी कशी घ्यावी हे सांगताना कृमी आणि विष या दोहोंनी बाधित नसलेली वनस्पती घ्यावी, असे लागोपाठ म्हटले आहे. या नव्या पाहुण्याच्या बाबतीत कृमी आणि विष ही दोन्ही एकाच बांधावर भेटतात. म्हणून हा विषय केवळ शेतकऱ्यांचा वा कीटकशास्त्रज्ञांचा नाही, असे आम्हांस वाटते.

हा कीटक म्हणजे एक अतिसूक्ष्म पतंग. एडवर्ड मेरिक यांनी १९१७ मध्ये पेरू देशातील हुआंकायो येथील नमुन्यावरून त्याचे प्रथम वर्णन केले. दक्षिण अमेरिकेतील टोमॅटोचा तो जुना शत्रू. २००६ मध्ये तो स्पेनमध्ये आढळला, भूमध्य सागराभोवतीच्या देशांत व पश्चिम आशियात झपाट्याने पसरला आणि २०१४ च्या अखेरीस पुणे परिसरातील टोमॅटोवर त्याची नोंद झाली. कर्नाटकातही त्याच सुमारास तो दिसून आला. २०१६ मध्ये नेपाळ व बांगलादेशातूनही त्याची वार्ता आली. शेतकरी त्यास 'टुटा' म्हणतात, कारण बराच काळ त्याचे शास्त्रीय नाव टुटा ॲब्सोल्युटा असे होते. २०२१ मध्ये शरीररचनेच्या अभ्यासावरून त्यास मेरिक यांनी दिलेल्या मूळ प्रजातीत परत नेण्यात आले व आता तो थोरिमिया ॲब्सोल्युटा म्हणून ओळखला जातो. निघंटूंतील पर्यायनामांशी ज्यांनी आयुष्यभर झुंज दिली आहे त्यांना या नामांतराचे नवल वाटू नये. नोंद करताना मात्र दोन्ही नावे लिहावीत, म्हणजे पुढे शोधणाऱ्याचा घोटाळा होत नाही.

टोमॅटो हे त्याचे मुख्य अन्न. बटाटा व वांगे यांवरही तो येतो. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे असे, की त्याच्या आश्रय-वनस्पतींच्या याद्यांत काकमाची आणि धोत्रा यांचीही नावे आहेत. कंटकारी व बृहती काकमाचीच्याच प्रजातीतील आणि अश्वगंधा त्याच कुलातील. तेव्हा दशमुळाचे घटक गोळा करणाऱ्यांनीही पाने उजेडाकडे धरून पाहण्याची सवय लावून घ्यावी.

ओळखीसाठी दहापट मोठे दाखविणारे साधे भिंग पुरते. पहिला कीटक म्हणजे पाने पोखरणारी माशी, लिरिओमायझा ट्रायफोली. हीदेखील परदेशी आणि १९९० च्या सुमारास आपल्याकडे आली. तिची वाट एकच, अरुंद, वळणावळणाची आणि क्रमाने रुंदावत जाणारी असते. वाटेत विष्ठेची काळी रेघ आलटूनपालटून दोन्ही कडांनी दिसते. आतील अळी पिवळसर असून तिला ना पाय, ना स्पष्ट डोके. पतंगाची अळी प्रथम बारीक वाट काढते, परंतु लवकरच ती वाट पसरून अनियमित, रुंद फोडासारखी होते व विष्ठेचे काळे कण तिच्या एका भागात साठतात. अळीला टणक डोके व पाय असतात. ती एक पोकळी सोडून दुसऱ्या ठिकाणी नव्याने शिरू शकते, त्यामुळे रिकामी, छिद्र पडलेली पोकळी पुष्कळदा हाती लागते. पूर्ण वाढलेली अळी सात-आठ मिलिमीटरची, प्रथम हिरवट व शेवटी गुलाबीसर छटेची असते.

येथवर काम सोपे आहे. खरी अडचण तिसऱ्या कीटकाची. बटाट्यावरील पतंग, थोरिमिया ऑपरक्युलेला, १९०६ मध्ये इटलीहून आलेल्या बियाण्याच्या बटाट्यांबरोबर मुंबई इलाख्यात उतरला. तोही याच कुलातील पाने पोखरतो आणि त्याची पोकळीही फोडासारखीच असते. येथे अळीच्या डोक्यामागील पहिल्या खंडावरची कठीण ढाल पाहावी. बटाट्याच्या पतंगाच्या अळीत ती ढाल सबंध गडद असते; नव्या पतंगाच्या अळीत तिच्या मागच्या कडेला अरुंद काळी पट्टी तेवढी दिसते. हा फरक वाढलेल्या अळीतच पाहावा, कोवळ्या अळीवरून निर्णय करू नये.

प्रौढ पतंग पाच ते सात मिलिमीटर लांब, रुपेरी करड्या रंगाचा, पंखांवर काळसर ठिपके असलेला, शृंगिका वलयांकित व मुखाशेजारचे स्पर्शक वर वळलेले असा असतो. मात्र अशा करड्या पतंगांचे कुळ फार मोठे आहे. निश्चित निदान नराच्या जननांगांचे विच्छेदन करून तज्ज्ञच करू शकतो. कामगंध सापळ्यात पतंग सापडला म्हणून तो हाच, असेही म्हणता येत नाही, कारण जवळचे नातलगही कधी कधी त्या गंधाला भुलतात. केवळ पानाचे छायाचित्र असेल तर नोंदीत 'संशयित' एवढेच लिहावे. नाडी न पाहता रोगाचे नाव सांगण्यासारखा उतावळेपणा येथे नको.

म्हणून अळी वाढवून पतंग मिळविणे हाच उत्तम मार्ग. अळीसह पान रुंद तोंडाच्या बाटलीत, तळाशी कोरडा कागद घालून ठेवावे व तोंडास मलमल घट्ट बांधावी. झाकण लावल्यास आत पाणी सुटून पान कुजते. त्याच झाडाची ताजी पाने देत जावे. हवेच्या उष्णतेनुसार अंड्यापासून पतंगापर्यंतचा काळ साधारण तीन ते सहा आठवड्यांचा असतो. पतंग शीतकपाटाच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवून मारावा; अल्कोहोलमध्ये बुडवू नये, पंखांवरचे खवले निघून जातात. अळ्या मात्र अल्कोहोलमध्येच ठेवाव्यात. पोखरलेले पान वनस्पतिसंग्रहातील नमुन्याप्रमाणे दाबून वाळवावे आणि पान, अळी व पतंग यांना एकच क्रमांक द्यावा.

नोंदीत दिनांक, गाव, तालुका, शेजारचे पीक, गोळा करणारा, ओळख पटविणारा आणि ओळखीचा आधार हे सर्व असावे. किती पाने पाहिली व त्यांत किती पोखरलेली होती हेही लिहावे. पन्नास पाने पाहून एकही पोखरलेले आढळले नाही, तर तीसुद्धा मोलाची नोंद होय. कीटक केव्हा पोहोचला हे अशाच नोंदींवरून मागाहून ठरते. काकमाचीच्या नावाखाली काळ्या व तांबूस फळांच्या एकाहून अधिक जाती गोळा होतात, म्हणून फळांसह एक फांदी जोडणे अगत्याचे. शिवाय भटकी अळी शेजारच्या झाडावर सापडते, तेवढ्याने ते झाड तिचे अन्न ठरत नाही. त्याच वनस्पतीवर ती वाढून पतंग झाला, तरच तसे लिहावे.

आता फार्मसीचालकांच्या कामाचे. कामोणी हे टोमॅटोच्या शेतातील व बांधावरील नेहमीचे तण आहे. या अळीसाठी टोमॅटोवर वारंवार फवारणी होते. फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी करावी हा काळ टोमॅटोच्या फळासाठी ठरविलेला असतो. बांधावरच्या कामोणीसाठी ते दिवस कोणी मोजत नाही. तेव्हा पोखरलेली पाने टाकून डागरहित पाने घेतली म्हणजे द्रव्य शुद्ध झाले, ही समजूत घातक आहे. सर्वांत स्वच्छ पान सर्वाधिक फवारलेल्या शेतातील असू शकते. शेड्यूल 'टी' प्रमाणे कच्च्या मालाची नोंदवही आपण ठेवतोच. तीत संकलनाचे ठिकाण व शेजारचे पीक यांसाठी दोन रकाने वाढवावेत, टोमॅटोच्या बांधावरील माल नाकारावा आणि ठिकाण सांगता न येणारा माल कीटकनाशकांच्या अवशेषांची तपासणी झाल्याखेरीज वापरू नये. ताज्या गठ्ठ्यांतील अळ्या पाने सुकू लागली की बाहेर पडून पोत्यात, कागदात कोश करतात. म्हणून ज्या मालात त्या आढळतील त्यातील निवडलेला कचरा उघड्यावर टाकू नये. जाळावा वा खोल पुरावा.

नमुने प्रथम जवळच्या कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे न्यावेत. अंतिम निर्णयासाठी बंगळुरू येथील राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरो किंवा नवी दिल्ली येथील भारतीय कृषी अनुसंधान संस्था यांचा सल्ला घेता येतो. पाठविताना पतंग मृत व कोरडे असावेत, कापसात दाबून न भरता टाचणीवर वा कागदी घडीत ठेवावेत. जिवंत अळ्या वा कोश एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात पाठवू नयेत.