अश्रूंचीही प्रार्थना होते

घरात अकाली मृत्यू ओढवतो, दुर्धर आजाराचे निदान होते, हातची नोकरी जाते. अशा वेळी सांत्वनासाठी आलेली माणसे सहज म्हणून जातात, "रडू नका, देवाची इच्छा!" त्यांचा हेतू चांगलाच असतो, परंतु दुःखिताच्या मनावर त्यामुळे आणखी एक ओझे पडते. आपण रडतो, देवाला जाब विचारतो, म्हणजे आपली श्रद्धा उणी पडली की काय, ही शंका त्याला पोखरू लागते. या शंकेला पवित्र शास्त्र काय उत्तर देते, हे म्हणूनच समजून घ्यायला हवे.

स्तोत्रसंहितेत १५० स्तोत्रे आहेत. त्यांपैकी सुमारे एक तृतीयांश स्तोत्रे विलापाची आहेत. त्यांची मांडणी बहुधा सारखीच असते. भक्त प्रथम परमेश्वराला हाक मारतो, मग आपली व्यथा आडपडदा न ठेवता सांगतो, साहाय्य मागतो आणि अखेरीस भरवसा व्यक्त करतो. १३ वे स्तोत्र अगदी लहान आहे; पण 'कुठवर?' हा प्रश्न त्यात चार वेळा येतो. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. तरीही ख्रिस्तसभेने ते वगळले नाही. उलट, शुक्रवारच्या रात्रीच्या प्रार्थनेत तिने त्याला स्थान दिले आहे. तक्रार हीदेखील प्रार्थनाच आहे, कारण ती देवाकडे पाठ फिरवून नव्हे, तर देवाला सन्मुख होऊन केलेली असते.

इयोबाचे मित्र सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ मुकाट्याने बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. पुढे त्यांनी त्याच्या दुःखाची कारणे सांगावयास आरंभ केला. शेवटी परमेश्वराने त्या उपदेशकांचा निषेध केला व आक्रोश करणाऱ्या इयोबाची बाजू उचलून धरली. दुःखिताच्या घरी जाताना आपण हे ध्यानात ठेवावे.

प्रभू येशूनेही आपले दुःख लपवले नाही. लाजरच्या कबरेपाशी तो रडला. गेथशेमाने बागेत, दुःखाचा प्याला दूर व्हावा, अशी त्याने पित्याला विनवणी केली. क्रूसावर त्याने २२ व्या स्तोत्राच्या आरंभीचा टाहो फोडला. आपण टाकले गेलो आहोत, या भावनेने सुरू होणारे हे स्तोत्र पुढे स्तुतीकडे वळते. म्हणून आपल्या दुःखाच्या खोल दरीत उतरताना आपण एकटे नसतो. प्रभू तेथे आपल्याआधी जाऊन आलेला असतो.

व्हिएतनामचे कार्डिनल फ्रान्सिस झेवियर न्गुएन व्हान थुआन यांचे जीवन याची साक्ष देते. १९७५ साली, १५ ऑगस्ट रोजी, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणादिवशी त्यांना अटक झाली. त्यांनी १३ वर्षे बंदिवास भोगला. त्यांतील ९ वर्षे एकांतवासात गेली. पोटाचे औषध म्हणून बाहेरून मिळालेल्या द्राक्षारसाचे तीन थेंब व पाण्याचा एक थेंब तळहातावर घेऊन ते मिस्सा अर्पण करीत. तरीही कित्येक दिवस आपल्याला प्रार्थना करता आली नाही, क्रूसावरील येशूसारखा आपणही आक्रोश केला, हे त्यांनी मोकळेपणाने सांगितले आहे. १९८८ साली त्यांची सुटका झाली, २००२ साली ते प्रभूघरी गेले आणि २०१७ साली पोप फ्रान्सिस यांनी त्यांच्या वीरोचित सद्गुणांना मान्यता दिली. ज्याला कधीकधी प्रार्थनाही सुचली नाही, त्याच्या श्रद्धेचा ख्रिस्तसभेने असा गौरव केला!

बंधुभगिनींनो, श्रद्धा संकट टाळण्याची हमी देत नाही. संकटात कोणाचा हात धरायचा, हे ती शिकवते. म्हणून दुःखाच्या दिवसांत शब्द सुचत नसतील, तर एखादे विलापस्तोत्र सावकाश वाचावे. तेही जमत नसेल, तर क्रूसासमोर नुसते बसावे. रोझरी म्हणण्याचे त्राण नसेल, तर शेजाऱ्यांना घरी बोलवावे. आपल्या वतीने ते प्रार्थना करतील. आणि शेजारी संकटात असेल, तर उपदेश मागे ठेवून आपण त्याच्याजवळ जाऊन बसावे. त्याचे अश्रू परमेश्वरापर्यंत पोहोचत आहेत, एवढा विश्वास आपण त्याच्यासाठी जागा ठेवू या.