मेघ-संगणन आणि विद्यापीठाची निवड

संगणकीय सामग्री विद्यापीठाने आपल्या आवारात ठेवावी की दूरच्या केंद्राकडून सेवारूपाने घ्यावी, हा प्रश्न वरवर पाहता यंत्रशाळेचा वाटतो. वस्तुतः तो विद्याधनाच्या ताब्याचा प्रश्न होय.

‘मेघ’ ही संज्ञाच मोठी बोलकी आहे. ज्या जाळ्याची अंतर्रचना दाखविण्याचे प्रयोजन नसे, ते आकृतीत ढगाच्या रूपाने काढण्याचा अभियंत्यांचा प्रघात होता. म्हणजे हे नाव मुळात वर्णन नसून झाकण आहे. आणि निवड करणाऱ्याने चौकशी करावयाची ती नेमकी झाकलेल्या भागाची.

अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने २०११ साली केलेल्या व्याख्येत खाजगी, सामुदायिक, सार्वजनिक व संमिश्र असे मेघाचे चार प्रकार मानले आहेत. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या, म्हणजे १९६९ साली स्थापन झालेल्या संस्थेच्या, दृष्टीने त्यांचा विचार करणे उद्बोधक ठरेल. मे महिन्यात जेथे पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेथे खाजगी मेघाचा खर्च यंत्रांच्या किमतीवर थांबत नाही. शीतकरण, जनित्र आणि रात्री-अपरात्री धावून येणारा तंत्रज्ञ हेही हिशेबात धरावे लागतात. सार्वजनिक मेघ निकालाच्या दिवसासारख्या क्षणिक गर्दीस उत्तम, कारण तेवढ्यापुरती शक्ती भाड्याने घेऊन परत करता येते. तथापि पीक-प्रयोगांच्या नोंदी दशकानुदशके जपावयाच्या असतात. त्यांचे भाडे संपत नाही, आणि अटी बदलण्याचा अधिकार बहुधा मालकाकडे राहतो. गूगलने शैक्षणिक संस्थांची अमर्याद साठवण बंद करून संस्थेमागे १०० टेराबाइटांची सामायिक मर्यादा २०२१ साली जाहीर केली, तेव्हा ‘फुकट’ या शब्दाचा अर्थ अनेक विद्यापीठांस नव्याने शिकावा लागला.

कृषी विद्यापीठांस यांवाचून तिसरी वाटही आहे. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेने ऑगस्ट २०२० मध्ये हैदराबाद येथे ‘कृषी मेघ’ सुरू केला. दिल्लीतील कृषी सांख्यिकी संस्थेतील मूळ केंद्राची ही प्रतिकृती. हैदराबाद निवडले ते दोन्ही ठिकाणे एकाच भूकंपप्रवण पट्ट्यात नसावीत म्हणून. समान प्रयोजनाच्या संस्थांनी मिळून वापरावयाच्या सामुदायिक प्रकाराचेच हे उदाहरण म्हणावयास हरकत नाही. १९८३ साली स्थापन झालेल्या अमरावती विद्यापीठास मात्र हे जसेच्या तसे लागू पडणार नाही. तेथील मुख्य भार संलग्न महाविद्यालयांच्या परीक्षांचा आहे.

काम बाहेर सोपविले म्हणून जबाबदारी बाहेर जात नाही. वैयक्तिक विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यातही, दुसऱ्याकरवी केलेल्या प्रक्रियेचे उत्तरदायित्व मूळ संस्थेवरच ठेवले आहे. म्हणून दरपत्रकाआधी कराराचा शेवट वाचावा: सेवा सुटल्यास नोंदी कोणत्या स्वरूपात, किती दिवसांत व किती आकार देऊन परत मिळतील? त्याहून बरे म्हणजे, सही करण्यापूर्वी एका विभागाच्या नोंदी मेघात ठेवून त्या पुन्हा आवारातील यंत्रावर उतरवून पाहाव्यात.